४५ व्या वर्षी कारखान्याची पाळी सुटेल काय? भट्टीवाल्याचा हिशेब तपासून द्या

तापलेली_भट्टी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढालोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात). २० वर्षं झाली. आधी मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे करायला, आता क्वालिटीला. वय ४२. बायको ३९, खासगी शाळेत शिकवते. पोरगी नववीत. आई आमच्याजवळच. घर पेठेत, आजोबांनी बांधलेलं, त्यामुळं भाडं नाही, हप्ता नाही.

लवकर रिटायर व्हायच्या या खुळाला इंग्रजीत ‘फायर’ म्हणतात हे कळलं तेव्हा हसूच आलं. आमच्यात फायर म्हणजे भट्टी. चौदाशे अंशाचा रस लॅडलमध्ये घेतला की साच्यात जाईपर्यंत मोजून मिनिटं असतात. रस गार पडला की कास्टिंग स्क्रॅप. यंदाच्या कंपनी तपासणीत मला फुप्फुसं तपासायला नळीत फुंकर मारायला लावली. डॉक्टरांनी कागद बघितला, परत एकदा मारायला लावली, आणि म्हणाले, वाळूपासून जरा लांब राहता येतंय का बघा. त्या दिवसापासून ४५ हा आकडा डोक्यात बसलाय.

हातात येणारा पगार ६८,०००. बायकोचा २१,०००. महिन्याचा खर्च ३४,०००. हे अंदाजपंचे नाही, २०१६ पासून वहीत लिहितो.

जमा अशी: पीएफ १९ लाख, पीपीएफ १४, म्युच्युअल फंड ४१, बँकेत एफडी ११, पतसंस्थेत ४. एकूण ८९ लाख. सोनं आणि घर धरलेलं नाही. फंडातली दर महिन्याची एसआयपी २०१२ पासून कधी थांबवली नाही. मार्च २०२० मध्येसुद्धा नाही, पण त्याचं श्रेय घेत नाही, त्या वेळी पासवर्ड विसरलो होतो.

३४ हजार गुणिले १२ म्हणजे वर्षाला ४ लाख ८ हजार. त्याची २५ पट १ कोटी २ लाख. तीन वर्षांत होतंय की. मग ४५ ला पाळी सोडायला काय हरकत? चुकत असेन तर सांगा. घरात अजून कुणाला बोललो नाही.

दूधकट्टा

भावा, ८९ लाख! आणि मी परवा बुलेटचा सायलेन्सर बदललो १८ हजाराला. नाद खुळा. आज रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेलो तर अर्धाच ग्लास सांगतो.

हिशेबनीस

अभिनंदन, ही रक्कम पगारातून जमवणं सोपं नाही. पण ती २५ पट कुठून आली ते आधी बघू, कारण सगळे तो आकडा पंचांगातल्या मुहूर्तासारखा वापरतात.

विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं १९९४ मध्ये हिशेब मांडला. तिथल्या शेअर बाजाराचे आणि रोख्यांचे जुने आकडे घेतले आणि बघितलं, की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले आणि पुढं दर वर्षी महागाईइतके वाढवत नेले तर पैसा किती वर्षं पुरतो. उत्तर आलं, निदान ३० वर्षं. १९९८ मध्ये टेक्सासातल्या ट्रिनिटी विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी असाच अभ्यास केला आणि ४ टक्क्यांचा नियम जगभर गेला. ४ टक्क्यांचं उलटं म्हणजे २५ पट.

आता यात तुमचं काय बसतं? बाजार अमेरिकेचा, महागाई अमेरिकेची, मुदत ३० वर्षं. तुम्ही ४५ ला थांबलात आणि वहिनी ८५ पर्यंत जगल्या (जगाव्यातच) तर त्यांचं ते साल गाठायला तुमच्या रकमेला ४३ वर्षं पुरायला लागेल. मी माझ्यापुरतं ३ टक्के धरतो, म्हणजे ३३ पट. तो नियम नाही, माझी भीती आहे.

आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं वाईट निघाली तर सगळं गणित फिरतं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता. मार्च २००९ मध्ये ८,१६०. नोकरीत असताना ही पडझड म्हणजे स्वस्तात खरेदी. त्याच पैशातून किराणा भरायचा असेल तर तोच माल तुम्ही पडत्या भावात विकत असता.

३४ हजारात वर्षाचे खर्च धरलेत का, एवढं आधी सांगा.

गुंठाटन

शेती हाय का नाही? पेठेतल्या माणसाचं गावाकडं काहीतरी असतंयच. धरलं का नाहीस?

तापलेली_भट्टी

३० गुंठे आहेत, नदीकाठाला. चुलतभाऊ करतो, आम्ही अर्धेलीनं. मुद्दामच धरलं नाही.

गुंठाटन

बरोबर केलास. हौशी लोकांसाठी सांगतो. गुंठ्याला टन ऊस काढणारा आमच्यात पट्टीचा शेतकरी. ३० गुंठ्यांत ३० टन, टनाला साडेतीन हजार धरला तर लाख-सव्वा लाखाच्या आत. त्यातनं बियाणं, खत, पाणीपट्टी, मजुरी घाल. राहिलं त्यात अर्धं चुलतभावाचं. आणि आडसाली लावलास तर दीड वर्षानं बिल. २०१९ च्या ऑगस्टला आणि २०२१ च्या जुलैला आमचं शिवार पाण्याखाली होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फूट झालं की आम्ही उसाकडं बघायचंच सोडतो.

रिटायर होऊन शेती करणार म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात पाचट आवरायला यावं. जेवण माझ्याकडं.

रंकाळ्यावरची

मी ४८ व्या वर्षी नोकरी सोडलो. (पुण्यामुंबईकडच्यांनी व्याकरण तपासू नये, आमच्यात बायका अशाच बोलतात.) म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, विमा. तुझ्या आईचा आणि तुम्हा तिघांचा आजारपणाचा विमा कंपनीचा आहे काय? असेल तर शेवटच्या दिवशी आयकार्ड जमा केलंस की तोही जमा. मी सोडायच्या चार वर्षं आधीच स्वतःची पॉलिसी काढून ठेवलेलो. कारण आधीपासून असलेल्या दुखण्याला थांबायला लागतंय, तीन वर्षांपर्यंत. तुझी ती नळीची फुंकर आता कागदावर आहे. ती लपवू नकोस, पण पुढच्या फुंकरीची वाट पण बघू नकोस. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेवढं बरं झालंय.

दुसरी. घरी बसलो की खर्च कमी होतो म्हणतात ते झूट. पहिल्या सहा महिन्यांत माझ्या दोन नणंदा, एक मावशी आणि शेजारच्या काकू यांच्या सगळ्या दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याकडं आल्या. ‘तू घरीच असतीस की.’ पेट्रोल माझं, रिक्षा माझी, येताना भाजी पण माझीच. नाही म्हणायला शिकायला मला दोन वर्षं लागली.

आणि घरात अजून कुणाला बोललो नाही म्हणजे काय रे? तीन वर्षांनी सांगणार होतास, डबा भरू नको म्हणून?

पेन्शनर_काका

चिरंजीव, मी उद्यमनगरात ३४ वर्षं लेथवर काढली. पीएफचं पेन्शन किती येतं माहीत आहे? महिना २,३८६ रुपये. तुम्ही २२-२३ वर्षांच्या नोकरीवर सोडलंत तर ५८ ला तुम्हाला साधारण चार हजार लागू होतील. सूत्र सोपं आहे: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण पगार तुमचा खरा धरत नाहीत, १५ हजारांवर टोपी आहे, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना तर ६,५०० ची. ते पेन्शन महागाईबरोबर वाढतही नाही. ५० पासून घेता येतं, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापतात.

पोस्टाची ज्येष्ठांची योजना चांगली आहे, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मला तिचाच आधार आहे. पण तिला ६० लागतात, निवृत्ती घेतलेल्याला ५५. ४५ च्या माणसाला ते दार बंद.

पतसंस्थेतले ४ लाख काढा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो लागू नाही. माझ्या मेहुण्याचे एका पतसंस्थेत सव्वादोन लाख अडकले. नाव घेत नाही. चेअरमन रोज दिसायचा, नमस्कार करायचा, पैसे मात्र हप्त्याहप्त्यानं अकरा वर्षांत आले, तेही व्याजाशिवाय. एक टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवलेले.

आणि एक विचारतो, राग मानू नका. कुणाला जामीन राहिला आहात का?

दूधकट्टा

काकांनी खटक्यावर बोट ठेवलं 😀

तापलेली_भट्टी

काल रात्री वही काढून बसलो. हिशेबनीस, तुम्ही विचारलंत ते बरोबर जागी लागलं.

माझी सवय अशी, की रोजचा खर्च पुढून लिहायचा आणि वर्षातनं एकदा येणारा खर्च वहीच्या मागच्या पानावरून, उलटा. तो महिन्याचा नाही म्हणून. ३४ हजार आला तो पुढच्या पानांवरून. मागची पानं एवढ्या वर्षांत मी एकदाही बेरजेत घेतली नव्हती.

मागची पानं, गेल्या वर्षाची: आहेर आणि लग्नं ३८ हजार. गावची म्हाई (म्हणजे गावजत्रा), जोतिबा, गणपतीची वर्गणी आणि दिवाळी मिळून ३४. घरफाळा, गच्चीची गळती, रंग ३६. विमे आणि गाडी ४६. आईच्या तपासण्या, औषधं २८. मोबाईल, मिक्सर, चष्मे असलं मोडतोडीचं २२. बेरीज २ लाख ४ हजार.

म्हणजे वर्षाचा खर्च ४.०८ नाही, ६.१२ लाख. महिन्याला ५१ हजार. बरोबर दीडपट. तीनदा मांडला, तेवढाच येतोय.

मी रविवारची मिसळ महिन्यातनं दोनदावर आणलेली या हिशेबापायी. पोरगीचं तोंड बघवत नव्हतं. महिन्याला वाचले किती, तर सहाशे रुपये.

काका, जामीनचं नंतर सांगतो.

हिशेबनीस

मिसळ परत सुरू करा, आधी ते काम करा.

आता नव्यानं. मुलगी नववीत, म्हणजे चार वर्षांत कॉलेज. त्यासाठी १५ लाख बाजूला काढतो. ती तुमची निवृत्तीची रक्कम नाही. राहिले ७४ लाख. भागिले ६.१२, म्हणजे १२ पट. २५ ला अर्धं अंतरसुद्धा पूर्ण झालेलं नाही.

पुढचं. ८९ हजारांतून ५१ गेले की खरी शिल्लक ३८ हजार. जमा पैशावर सरासरी ९ टक्के, महागाई ६ टक्के, हे दोन्ही माझे अंदाज. ४७ व्या वर्षी १ कोटी ४१ लाख होतात, पण तेव्हा खर्चही ८ लाख १९ हजार झालेला असतो: १७ पट. ५२ व्या वर्षी २ कोटी ४५ लाख, खर्च १० लाख ९६ हजार: २२ पट. यात पगार खर्च वाढेल तेवढाच वाढतो असं धरलंय, त्याहून जास्त पगारवाढ नाही आणि पीएफमध्ये दर महिन्याला पडणारी भरही नाही. ती धरली की ५२ च्या आसपास २५ पट गाठता. कॉलेजचे १५ लाख तोवर खर्च झालेले असतील.

म्हणजे ४५ नाही, ५२. तुमच्या सहकाऱ्यांपेक्षा सहा वर्षं आधीच की.

दूधकट्टा

आहेर आणि म्हाई काढून टाक की. ७२ हजार वाचले. सरळ ५० ला सुटतोस.

तापलेली_भट्टी

म्हाईला पन्नास माणूस जेवतंय आमच्यात. रस्सा चुलीवरचा, मटण आदल्या रात्री सांगून ठेवलेलं. माझ्या लग्नात याच पन्नास जणांनी मांडव घातला, वाढपी पण हेच. ते बंद केलं तर रिटायर होऊन मी बसू कुणाबरोबर?

गुंठाटन

जगात भारी बोललास.

हिशेबनीस

मी म्हाईच्या विरोधात नाही, पण ती आकड्यात धरा. ३४ हजारांच्या खर्चाला २५ पट म्हणजे साडेआठ लाख. म्हणजे तुमच्या सणावारांमागं साडेआठ लाखांची ठेव उभी पाहिजे. एवढं कळून करायचं असेल तर खुशाल करा.

पुण्यातला_पेठकरी

मूळचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, आता हिंजवडी. एक गोष्ट कुणी विचारली नाही. ते ४१ लाख डायरेक्ट प्लॅनमध्ये (मधल्या एजंटाशिवाय) आहेत की रेग्युलर (एजंटामार्फत, त्याचं कमिशन जाऊन)? २०१२ ची एसआयपी म्हणजे रेग्युलरच असणार, डायरेक्ट आलेच जानेवारी २०१३ मध्ये. फरक वर्षाला पाऊण ते एक टक्का असू शकतो. ४१ लाखांवर एक टक्का म्हणजे ४१ हजार. तुमच्या सगळ्या आहेरांपेक्षा जास्त, आणि हा आहेर कुणाच्या लग्नात देताय ते तुम्हाला माहीतही नाही.

पण एका रात्रीत सगळं फिरवू नका. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे कर खात्याच्या लेखी विक्रीच. वर्षभराहून जुन्या इक्विटी फंडावर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. नवीन एसआयपी आजच डायरेक्टमध्ये सुरू करा, जुनं दर मार्चमध्ये सव्वा लाखाच्या मापानं हलवा.

रंकाळ्यावरची

सगळे आकडे वाचलो. सगळ्यांनी एक गोष्ट गिळलीय. हिशेबात बायकोचे २१ हजार ५२ पर्यंत चालू धरलेत. म्हणजे ह्यानं ५२ ला थांबायचं आणि तिनं तोवर वह्या तपासत राहायचं. तिला कधी सुटायचंय हे कुणी विचारलं?

हिशेबनीस

मान्य. माझी चूक.

तापलेली_भट्टी

ताई, विचारलो.

परवा रात्री जेवणं झाल्यावर वही तिच्यासमोर ठेवली, मागच्या पानांसकट. तिनं आधी बेरीज तपासली (गणित शिकवते), मग विचारलं, हे कवापासनं चाललंय? मी फुंकरीचं सांगितलं. तो कागद मी कपाटात पीपीएफच्या पासबुकात घालून ठेवलेला, तो काढून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तुला नोकरी सोडायची नाही, तुला वाळू सोडायचीय. डिस्पॅचला बदली मागितलीस काय?

नव्हती मागितली. २० वर्षांत डोक्यातच आलं नाही. काल मॅनेजरना भेटलो. मशीनशॉपच्या तपासणीत एक जण दिवाळीला रिटायर होतोय, तिथं बघू म्हणाले. पगार चार-साडेचार हजारानं कमी, कारण पाळी भत्ता जातोय. पण वाळू नाही, धूर नाही आणि रात्रपाळी नाही.

तिला स्वतःला ५० ला थांबायचंय. माझ्या आधी नाही, नंतरही नाही, ‘दोघं एका वर्षी’. वयातलं अंतर तीन, म्हणजे मी ५३. हिशेबनीस, तुमचा आकडा तिनं एका वर्षानं पुढं ढकलला.

विमा: आम्हा तिघांचा वेगळा घ्यायला सुरुवात केली, फुंकरीचा कागद जोडून. आईचं वय ७१, तिची चौकशी चालू आहे. पतसंस्थेची मुदत श्रावणात संपते, काढणार.

आता काका, तुमचं. दोन दिवस उत्तर टाळालो होतो. होय, आहे जामीन. चुलतभावाला, तोच जो शेती करतो. २०२१ च्या पुरानंतर त्यानं ट्रॅक्टरवर ८ लाख काढले, मी आणि गावातला एक अशा दोघांनी सह्या केल्या. मी तेव्हा कागद वाचलासुद्धा नाही. भाऊ होता समोर, पेन त्यानंच दिलं.

पेन्शनर_काका

मी पण वाचला नव्हता. १९९७ साली. मित्र होता.

हप्ता थकला तर तुमच्या पगारावर येतात, त्याच्या ट्रॅक्टरवर नंतर. बाकी किती आहे त्याचा उतारा मागा. तोंडी ‘चालू आहे’ घेऊ नका.

हिशेबनीस

जेवढी बाकी असेल तेवढी तुमच्या एफडीतून सध्या वजा समजा. गेली असं नाही, पण तुमची म्हणून मोजू नका.

दूधकट्टा

मी माझ्याकडच्या सगळ्या सह्या आठवालोय. तीन आठवल्या. झोप गेली.

गुंठाटन

एक सांगतो भट्टीदादा, उतारा मागताना माणसांत मागू नको. शेतावर जा, बांधावर बस, मग विचार. भाऊबंदकीत आवाज चढला की ३० गुंठ्यांचा पण वाद निघतोय.

तापलेली_भट्टी

फोन केला होता. ‘चालू आहे की दादा, तू कशाला काळजी करतोस,’ म्हणाला. मी उतारा म्हटल्यावर दोन सेकंद गप्प, मग म्हणाला, ये की रविवारी, म्हाईच आहे.

तर रविवारी जालोय. पन्नास माणसांत विचारणार नाही, गुंठाटन म्हणतात तसं सकाळी लवकर जाऊन बांधावर बसतो. बायको म्हणाली, मी पण येतो, उतारा वाचायला कुणीतरी गणितवालं पाहिजे. मटणाचे पैसे वहीत मागच्या पानावर आधीच लिहून ठेवलेत.

आता निघतो, पहिली पाळी आहे, पाच पन्नासची बस.